पंचवीस घरं

गिरणीचा पट्टा थांबला तरी
कान तासभर घरघरत राहतात.
त्या घरघरीतच मी फोन उघडते,
पडद्यावरचं ज्वारीचं पीठ ओढणीनं पुसून.
तिथं माझं नाव चाळणी.
फिनलंडच्या पोराला वाटलं, गणितातली चाळणी,
मूळ संख्या तेवढ्या उरवणारी.
मी म्हटलं, हो, तीच.
खुंटीवरची कशाला सांगू.

खेळ सुरू झाला घड्याळांच्या एका कारखान्यापासून,
जो कधी नव्हताच.
खोटी जाहिरात, खोटा नंबर,
त्यावर फोन केला की एक बाई आकडे वाचायची
आणि मधूनच खोकायची.
खोकल्यातही काही असेल म्हणून मनिलाच्या नर्सनं
रात्रपाळीत तिचे एकशे बारा खोकले मोजले.
सात महिने असंच, कुलपामागे कुलूप,
आणि शेवटच्या दारावर हा चौकोन:
पाच आडवी, पाच उभी, पंचवीस अक्षरं,
त्यातल्या पाचांवर फुली.

फुली म्हणजे खोडलेलं, हे सगळ्यांनीच धरलं.
उरलेली वीस उलटी लावली, तिरपी लावली,
संगणक रात्रभर जुंपले.
नॉर्थविंड नावाचा एक जण रोज नवा तक्ता टाकायचा,
इतका नेटका की वाटावं पट्टीनं आखलाय,
आणि ऐन वेळी गायब व्हायचा.
मीही तेव्हाच व्हायचे.
आमच्याकडे लाइन गेली की टॉवरही मान टाकतो.
फिनलंडनं एकदा विचारलंच,
तुम्ही दोघं एकच माणूस आहात का?

मंगळवारी दळणाला रांग.
गिरजा आडे आणि चंद्रकला मेश्राम
सांडलेल्या पिठात बोटानं घरं आखून
चिंचोक्यांनी अष्टाचंगा खेळत होत्या.
पाच आडवी, पाच उभी.
चार बाजूंना चार फुल्या, मधोमध एक.
"मार ना वो तिले," मी म्हटलं.
"काहाची मारतं? फुलीवर बसली ना ते.
फुलीवर कोणी कोणाले मारत नाई."

वरचं धान्य संपलं होतं.
दगडावर दगड घासल्याचा जळका वास आला
तेव्हा चंद्रकलाच ओरडली,
"अवं पोरी, चक्की रिकामी फिरून राह्यली!"

रात्री मी लिहिलं:
फुलीचं अक्षर खोडू नका. ते घर आहे.
खालच्या फुलीवरून निघा, उजवीकडे,
बाहेरचा वेढा पुरा करा,
मग आत शिरा आणि उलटे फिरा,
मधल्या फुलीपर्यंत.
ब्राझीलच्या प्राध्यापिकेनं विचारलं, हा सिद्धांत कोणाचा?
गिरजाचा.
कुठे छापलाय?
पिठात.

पंचवीस अक्षरं, सहा इंग्रजी शब्द.
खजिना नाही, कारखानदाराच्या हरवलेल्या मुलीचा पत्ता नाही.
एवढंच: तुमच्या गावाचं नाव लिहा.

बराच वेळ कोणी लिहीना.
कोण कुठल्या आकड्याला अडतो हे आम्हाला माहीत होतं,
कोण कुठे झोपतो ते नव्हतं.
मग नर्सनं एका बेटाचं नाव टाकलं.
फिनलंडनं डोक्यावर टिंबं असलेलं काहीतरी.
मी लिहिलं, सावळखेड, तालुका दारव्हा.
आणि पडदा हलेना.
मला वाटलं, गेली लाइन.
पण पंखा फिरत होता.

नॉर्थविंड टाइप करतोय, थांबतोय, टाइप करतोय.
मग सात महिन्यांत पहिल्यांदा देवनागरीत:
"बोरजई. अडाणच्या पल्याड.
काहून वो, तू सावळखेडची?"

मी दारात आले.
नदीच्या बाजूला चार-दोन दिवे होते, रोजच असतात.
त्यातला कोणता, हे काही कळलं नाही.

शनिवारी मोटारसायकलवरून एक माणूस उतरला.
पन्नाशीचा, खाकी शर्ट, खिशाला टेस्टर,
हँडलला पाच किलो ज्वारी.
बोरजईत दोन गिरण्या आहेत.
"बारीक दळजो," म्हणाला,
आणि भिंतीकडे बघत उभा राहिला, खुंटीकडे.
"हेच का ते?"
"हाव, हेच."
मी बटन दाबलं, पट्टा फिरायला लागला,
पहिला पायलीभर लोंढा डब्यात पडला
आणि लाइन गेली.

दोन्ही हात वर करून तो म्हणाला,
"मी नाई बंद केली."